जुनाट दुखण्यावरच्या संशोधनात सहभागी कसं व्हावं

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतं. ढोबळ अंदाजानं पाच प्रौढांपैकी एकाला ती असते. तरीही ती थेट मोजेल असं यंत्र कुणाकडे नाही. एखाद्याच्या पाठीच्या एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते आणि त्याला काहीच त्रास नसतो; दुसऱ्याचा एमआरआय स्वच्छ येतो आणि त्याला खुर्चीत अर्धा तास बसवत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं की, मला दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

म्हणजे या विषयावरचं बहुतेक संशोधन शेवटी सोसणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर उभं आहे. म्हणून तुम्ही अशा अभ्यासात गेलात तर दोन गोष्टी सांभाळायच्या: तिथे खरा हिशोब द्यायचा, बऱ्या दिवसांसकट, आणि अंगाला झेपणार नाही असं काही भिडेखातर कबूल करायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींसाठी आहेत.

पायरी १: कोणता अभ्यास झेपेल ते ठरवा

संशोधन म्हटलं की नव्या गोळीची चाचणी डोळ्यांपुढे येते. पण दुखण्यासोबत जगण्यावरचे कितीतरी अभ्यास औषधाला हातही लावत नाहीत. काहींत घरबसल्या प्रश्नावली भरायची असते. काहींत तासाभराची मुलाखत असते: झोप कशी लागते, काम कसं निभावता, जवळची माणसं समजून घेतात का. काहींत काही आठवडे रोजची नोंद ठेवायची किंवा हालचाल मोजणारा पट्टा मनगटावर बांधायचा असतो. प्रयोगशाळेत होणाऱ्या काही अभ्यासांत त्वचेवर मोजून उष्णता किंवा दाब देतात आणि दुखायला कुठे सुरुवात होते ते पाहतात. शेवटी उपचारांच्या चाचण्या. त्यात औषधं येतात, तसेच व्यायाम, समुपदेशन आणि मोबाइल ॲपही.

पहिल्यांदाच जात असाल तर प्रश्नावलीपासून किंवा मुलाखतीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. शरीराला धोका जवळपास नसतो आणि संशोधकांची कामाची पद्धत कळते.

पायरी २: अभ्यास शोधा आणि तो खरा आहे का पाहा

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. विद्यापीठं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि रुग्णांच्या संघटना सहभागींसाठी आवाहनं काढतात. उपचारांच्या चाचण्यांसाठी सार्वजनिक नोंदण्या असतात. अमेरिकेतली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदणी २००० साली खुली झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शोध-पोर्टलवर अनेक देशांच्या नोंदण्या एकत्र पाहता येतात. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा मूळ १९६४ चा. चाचणीत पहिला माणूस घेण्याआधी तिची सार्वजनिक नोंदणी झालीच पाहिजे, असं त्याच्या २००८ च्या आवृत्तीपासून बजावलं आहे. पण नोंदणीत नाव दिसलं म्हणजे कुणी अभ्यास तपासून पसंत केला, असं समजू नका.

एथिक्स कमिटीची, म्हणजे नैतिकता समितीची, मंजुरी कुणाची आहे आणि अभ्यासाचा प्रमुख कोण, हे दोन प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा. सहभागासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारा, दुखणं नक्की जाईल अशी हमी देणारा किंवा आजच सही करा म्हणून घाई करणारा अभ्यास नकोच. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या माणसाची आशा हेरून फसवणारे लोक असतात, म्हणून इथे संशयी राहणंच बरं.

पायरी ३: पात्रतेच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या

प्रत्येक अभ्यासाच्या अटी असतात: वय, दुखणं कुठे आहे, किती काळ आहे, कोणती औषधं चालू आहेत. अनेक उपचार-चाचण्यांत दुखण्याचा सरासरी आकडा ठरावीक पातळीच्या वर असावा लागतो, उदाहरणार्थ दहापैकी चार. इथे आकडा थोडा चढवून सांगायचा मोह होतो. आपलं कुणी ऐकत नाही असा अनुभव वर्षानुवर्षं आला असेल तर तो मोह समजण्यासारखा आहे. तरी करू नका. अनेकांनी प्रवेशापुरता आकडा फुगवला की पुढच्या नोंदीत तो आपोआप खाली येतो. खरं औषध घेणाऱ्यांचाही आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही. मग औषधाचा खरा गुण त्या घसरणीत दिसेनासा होतो, आणि कामाचं औषध निरुपयोगी ठरू शकतं.

तुम्हाला घेतलं नाही, तर तुमच्या दुखण्यावर अविश्वास दाखवला असा त्याचा अर्थ लावू नका. एखादं दुसरं औषध किंवा जुनी शस्त्रक्रिया एवढं कारणही पुरतं. काय आड आलं ते विचारून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

पायरी ४: संमतीपत्र घरी आणून वाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, ते घरी नेऊन वाचण्याची मुभा पाहिजे आणि सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. विश्वासातल्या कुणाला तरी सोबत वाचायला बसवा. दुखणं जास्त असताना चार ओळींपुढे लक्ष लागत नाही, आणि अशा कागदाचं चौथं पान बहुधा सर्वांत महत्त्वाचं असतं.

छापील माहितीत दुखणेकऱ्याच्या कामाच्या गोष्टी नेहमी असतातच असं नाही, म्हणून त्या तोंडी विचारा. एका भेटीला किती वेळ लागतो, आणि मध्ये उठता, चालता, आडवं होता येईल का? स्कॅन असेल तर न हलता किती वेळ पडून राहावं लागेल? ठरलेल्या दिवशीच दुखणं उसळलं तर तारीख बदलता येईल का? घरून फोनवर भाग घेता येईल का? प्रवासखर्च कोण देणार? अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार आणि खर्च कोण उचलणार? माझी माहिती कोण पाहणार, नाव काढून टाकणार का, आणि ती किती वर्षं ठेवणार?

औषधांचा प्रश्न वेगळा विचारा. काही चाचण्यांत आधीची औषधं काही काळ बंद करायला सांगतात, म्हणजे जुन्या औषधाचा असर शरीरातून निघून जातो. अफूजन्य वेदनाशामकं, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेली फिट्सची औषधं आणि नैराश्यावरची औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. ती कमी करायची तर टप्प्याटप्प्यानं आणि तुमच्या डॉक्टरांना माहीत असतानाच. असह्य झालं तर घ्यायला कोणती गोळी मिळेल आणि किती वेळा, हे लेखी घ्या.

यानंतर दिखाऊ औषध, म्हणजे प्लासिबो. पुष्कळ चाचण्यांत कुणाला खरं औषध आणि कुणाला प्लासिबो हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि बऱ्याचदा ते तुम्हालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. इथे जाणं म्हणजे उपचार घेणं नव्हे. तुम्हाला गुण यावा हा अभ्यासाचा पहिला हेतू नसतो. हे पटत नसेल तर सही करू नका. पण प्लासिबोनं बरं वाटलं तर आपलं दुखणं खोटं ठरेल, ही भीती मात्र मनातून काढून टाका. १९७८ साली दात काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. प्लासिबोनं ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलॉक्सोन हे अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर ते पुन्हा वाढलं. शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडत असतं, असा त्याचा अर्थ निघाला. खऱ्या दुखण्यालाही प्लासिबोनं उतार पडतो.

सही केल्यावरही तुम्ही कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. तोवर गोळा झालेल्या माहितीचं काय होईल, एवढं आधीच विचारून घ्या.

पायरी ५: नोंद वेळच्या वेळी करा

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं भयंकर, ही मोजपट्टी तुम्हाला बहुतेक अभ्यासांत भेटेल. प्रश्न नीट वाचा. आत्ताचं दुखणं, चोवीस तासांतलं सर्वांत वाईट, सर्वांत कमी आणि सरासरी असे चार आकडे वेगवेगळे विचारलेले असतात.

आठवड्याची नोंद रविवारी बसून एकदम भरू नका. मागे वळून पाहताना सर्वांत वाईट क्षण आणि अगदी अलीकडचा क्षण मनात मोठे होतात, मधल्या बऱ्या वेळा गळून पडतात. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दीर्घकालीन वेदना असलेल्या लोकांवरचा एक अभ्यास आला. नोंदवहीच्या फायलीत उजेड ओळखणारी यंत्रणा लपवलेली होती, त्यामुळे वही खरोखर केव्हा उघडली ते कळत होतं. सहभागींच्या लिहिण्यानुसार सुमारे ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. प्रत्यक्षात वेळेवरच्या नोंदी ११ टक्के निघाल्या. त्या लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. दुखण्यात नोंदीची वेळ पाळणं कठीणच असतं. म्हणून गजर लावा, वही किंवा फोन उशाशी ठेवा, आणि नोंद चुकलीच तर ती जागा कोरी सोडा. नंतर अंदाजानं भरलेल्या आकड्यापेक्षा कोरी जागा संशोधकांना जास्त उपयोगी पडते.

कालचा आकडा पाहून आजचा लिहू नका. बऱ्या दिवशी कमी आकडा लिहायला कचरू नका. दोन लिहिलं म्हणून तुमचं आठ खोटं पडत नाही. दुखणं कसं चढतं-उतरतं हेच तर अभ्यासाला पाहायचं असतं.

पायरी ६: मुलाखतीत आपल्या शब्दांत बोला

आदल्या दिवशी दोन-चार मुद्दे कागदावर उतरवा. भाषण तयार करायची गरज नाही. डॉक्टरी शब्दांच्या मागे लागू नका. ठणका, कळ, चमक, ठसठस, जळजळ, मुंग्या, ओढ, सल यांतला जो शब्द तुमच्या दुखण्याला लागू पडतो तोच वापरा, कारण दुखण्याच्या जातीवरून त्याचं कारण शोधायला मदत होते. मॅकगिल विद्यापीठाच्या नावानं ओळखली जाणारी, १९७५ सालची वेदनेची प्रश्नावली अशाच ७८ शब्दांतून निवड करायला लावते.

प्रसंग सांगा. 'फार त्रास होतो' यापेक्षा 'भाचीच्या लग्नात जेवणाआधीच निघून यावं लागलं' यातून संशोधकाला जास्त कळतं. एखादा प्रश्न नको वाटला तर सरळ पुढे जाऊ या म्हणा. उभं राहून किंवा आडवं पडून बोललात तरी चालतं. जुन्या गोष्टी उकरल्यावर मन जड होतं आणि दुखणंही वाढू शकतं, तेव्हा त्या दिवशी दुसरं मोठं काम ठेवू नका. नंतर बोलायला कुणी मिळेल का, तेही संशोधकांना विचारा.

पायरी ७: अभ्यास चालू असताना काही लपवू नका

चक्कर आली, पुरळ उठलं, झोप उडाली, मन फार खचलं, तर औषधाशी संबंध असो वा नसो, कळवा. संबंध आहे की नाही हे ठरवणं संशोधकांचं काम आहे. मध्येच दुसरं औषध, मालिश किंवा नवा व्यायाम सुरू केला असेल तर तेही सांगा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना अभ्यासाची कल्पना असू द्या आणि तातडीचा फोन नंबर घरच्यांकडे देऊन ठेवा. कुणाला कोणती गोळी मिळाली असेल याचे अंदाज इतर सहभागींशी जुळवत बसू नका. तो अंदाज एकदा मनात बसला की दुखण्याचा आकडाही त्याच्या मागे जातो.

सोडावंसं वाटलं तर सोडा. कारण सांगायचं बंधन नाही, पण सांगितलंत तर फार मोलाचं ठरतं. ज्यांना गुण आला नाही किंवा औषध बाधलं तेच बहुधा निघून जातात. ते गप्प राहिले तर उरलेल्यांच्या आकड्यांवरून उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. भेटी थांबवून फक्त शेवटची प्रश्नावली भरली तर चालेल का, हे विचारून पाहा.

पायरी ८: निकाल मागा

अभ्यास संपताना तीन प्रश्न विचारा: निकाल सोप्या भाषेत केव्हा मिळेल, मला कोणता उपचार मिळाला होता हे कळेल का, आणि गुण आलेलं औषध पुढे चालू ठेवता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा नाही असं असतं. तो खरं तर संमतीच्या वेळीच विचारून ठेवायचा.

आणि एवढं करून उत्साह उरला असेल तर सहभागीच्या पुढे जाऊन सल्लागार म्हणून काम करायची तयारी कळवा. कोणते प्रश्न विचारावेत, भेटी किती लांब असाव्यात, प्रश्नावली कुठे बोजड आहे, हे ठरवताना अनेक संशोधन-गट आता रुग्णांना सोबत घेतात. वेदनेच्या चाचण्यांत काय मोजावं यावर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात खुद्द दुखणं असलेल्यांना विचारलं होतं. दुखणं कमी होण्याबरोबरच झोप, थकवा, अशक्तपणा, मनाची अवस्था आणि जगण्यातला आनंद या गोष्टीही त्यांनी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या. अर्ज करताना तुमच्या दुखण्यात यांपैकी काय सर्वांत आधी सुधारायला हवं आहे, ते पहिल्याच ओळीत लिहा.