माकडांचे स्वभाव ओळखताना या चुका टाळा

माथेरानला माकडांचा कळप दिसला की तासाभरात आपण ठरवून मोकळे होतो: हा तापट, ती भित्री. पण ती मादी भित्री नसेलही, पोटाशी आठवड्याचं पिल्लू असेल. एका दिवशी दिसते ती त्या वेळची अवस्था. निरनिराळ्या प्रसंगी, महिन्यांमागून महिने तोच कल दिसला, तरच त्याला स्वभाव म्हणावं. त्यासाठी आधी माकड ओळखता आलं पाहिजे: फाटका कान, ओठावरचा व्रण, वाकडी शेपटी. ओळख पटली नाही तर नोंद सोडून द्या, अंदाजाने नाव घालू नका.

वहीत नुसती भांडणंच भरली असतील तर दोष कळपाचा नाही. आपली नजर आरडाओरड्याकडे जाते आणि शांत बसलेल्या माद्या सुटतात. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली सविस्तर मांडलेली पद्धत यावर उत्तम आहे: माकडांचा क्रम आधी ठरवा आणि ठरलेली मिनिटं एकाच माकडावरची नजर हलवू नका.

वरचढ तो रागीट, दबलेला तो गरीब, ही गल्लत मला सगळ्यांत जास्त खुपते. आफ्रिकेत, बोत्स्वानातल्या मोरेमी अभयारण्यात रॉबर्ट सेफार्थ, जोन सिल्क आणि डोरोथी चेनी या संशोधकांनी बबून या मोठ्या आफ्रिकी माकडांच्या माद्यांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांत मनमिळाऊ, फटकून वागणाऱ्या आणि एकलकोंड्या असे तीन कल दिसले. कळपातल्या स्थानावरून किंवा नात्यागोत्यावरून ते सांगता येत नव्हते. मनमिळाऊ मादी आपल्याहून दुबळीजवळ जातानाही हलका हुंकार देते, म्हणजे समोरचीला कळतं की ही मारायला आलेली नाही. एवढासा आवाज, पण त्याची नोंद ठेवल्याशिवाय तिचा स्वभाव कळलाच नसता. एकलकोंड्या माद्यांत ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं.

माकडाने दात विचकले की ते हसतंय असं लिहू नका. बहुतेकदा ती भीती किंवा शरणागती असते. डोळ्यांत डोळे घालून पाहूही नका, त्याला ती धमकी वाटते. खाऊ तर मुळीच देऊ नका. एका जागी खाऊ पडला की झोंबाझोंबी वाढते, मग वहीत उतरतो तो खाऊचा परिणाम.

दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर वाद घालू नका. एकाच माकडाकडे तीच दहा मिनिटं वेगवेगळं बसून पाहा आणि वह्या शेजारी ठेवा. ‘चिडकी’सारखे शब्द खोडून ‘दोनदा अंगावर धावली’ असं लिहिलं की फरक कुठे पडला ते सापडतं.