केक सुटला पाहिजे: फिल्टर प्रेसवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा) ट्रेड करून लोटे परशुरामच्या एका केमिकल कंपनीत अप्रेंटिस लागलो, तेव्हा मला रिअ‍ॅक्टरवर जायचं होतं. मिळाला ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, फिल्टर प्रेस. फार वाईट वाटलं होतं. आता आमच्याकडे येणारी मुलंही तिथे ड्युटी लागली की तोंड पाडतात, म्हणून हे लिहितोय.

मशीन दिसायला साधं. पॉलिप्रॉपिलीनच्या खोलगट प्लेटी, प्रत्येकीवर कापड चढवलेलं, आणि सगळ्या हायड्रॉलिक जॅकने घट्ट दाबलेल्या. दोन प्लेटींमध्ये जी पोकळी राहते तो चेंबर. पंप स्लज (सांडपाण्यातला पातळ गाळ) आत ढकलतो, पाणी कापडातून नळीने ट्रेमध्ये येतं, घन भाग आत साठून त्याचा केक होतो.

सुरुवातीला मी पंप एकदम 5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशरवर चालवायचो, म्हणजे लवकर उरकेल. अर्ध्या तासात नळ्यांना नुसते थेंब. प्रेस उघडला तर प्लेटींमध्ये ताकासारखा पातळ गाळ, सगळा पायावर. आमच्या शिफ्टच्या काकांनी एक कापड काढून उजेडात धरलं, तर आरपार काहीच दिसेना. बारीक कण विणीत घट्ट बसले होते. तेव्हा ते म्हणाले, "कापड गाळत नाही रे, केक गाळतो. कापड फक्त पहिला थर धरायला."

माझ्या सगळ्या शिक्षणात हे वाक्य मोलाचं. पहिली काही मिनिटं पाणी गढूळच येणार, ते परत टाकीत सोडायचं. पंप हळू ठेवायचा, पहिला थर बसू द्यायचा. पाणी निवळलं की मग प्रेशर टप्प्याटप्प्याने चढवायचं. केक जाड होईल तसा अडथळा वाढतो आणि धार कमी होत जाते, हा बिघाड नव्हे. उलट सुरुवातीलाच धार तुटली, तर चुना किंवा पॉलीचा (कण एकत्र बांधणाऱ्या पॉलिमरचा) डोस नीट पडलेला नाही असं समजा. ग्लासात स्लज घेऊन पाहा: फ्लॉक (कणांचे पुंजके) मोठे होऊन तळाशी बसत नसतील, तर प्रेसला दोष देऊ नका.

केकमधल्या पाण्याकडे एवढं लक्ष का? 10 टन स्लजमध्ये 2 टक्के घन असेल तर खरा माल 200 किलो. केकमध्ये घन 25 टक्के आलं तर 800 किलो भरतो, 20 टक्केच आलं तर 1 टन. घातक कचरा म्हणून तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी वजनावर पैसे मोजून पाठवावा लागतो, आणि आवारात साधारणपणे 90 दिवसांच्या वर ठेवता येत नाही. म्हणून शेवटी हवा मारून पाणी काढण्याची 10 मिनिटं वाचवू नका.

एकदा आमची प्लेट तडकली. फीडच्या भोकात, म्हणजे स्लज जिथून आत येतो तिथे, जुना केक अडकला होता, कोणी साफ केला नव्हता. एका बाजूचा चेंबर भरला, शेजारचा रिकामा राहिला. 800 मिमीच्या प्लेटचा कामाचा भाग 70 बाय 70 सेंटिमीटर धरला, तरी 5 किलो प्रेशरला तिच्यावर एका बाजूने सुमारे 25 टन जोर येतो. प्लास्टिक किती सोसेल? तेव्हापासून प्रेस बंद करण्याआधी मी प्रत्येक प्लेटच्या भोकात बोट घालून बघतो. कापडाला घडी पडलेली नाही ना, कडेच्या सीलिंगवर केकचा कण चिकटलेला नाही ना, तेही. तो कण राहिला की तिथूनच फवारा उडतो. गॉगल त्यासाठीच आहे.

केक खरवडायला लोखंडी पट्टी कधीही घेऊ नका, लाकडी किंवा प्लास्टिकची घ्या. फीड बंद करून प्रेशर शून्यावर आल्याशिवाय जॅकला हात लावू नका, सुपरवायझर घाई करत असला तरी. चुन्याने कडक झालेलं कापड नुसत्या पाण्याने सुटत नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवावं लागतं. आधी कापड पॉलिप्रॉपिलीनचंच आहे ना ते स्टोअरमध्ये विचारा.

पुढे रंगांच्या आणि औषधांच्या कंपन्यांत हेच मशीन भेटतं, फक्त तिथे बऱ्याचदा केक हाच माल असतो आणि तो धुवावा लागतो. इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, "प्रेशर चढलंय, धार नाही, काय करशील?" मी म्हटलं, आधी किती वेळ झाला ते बघेन. दोन तास झाले असतील तर प्रेस भरलाय, उघडायचा. दहाच मिनिटं झाली असतील तर पंप बंद करून ग्लासात स्लज घेईन.