किप्पूरचा उपास झेपत नसेल तर काय करायचं, आणि काय सुटत नाही

दरवर्षी रोश हशाना, म्हणजे आपलं ज्यूंचं नवं वर्ष, जवळ आला की घराघरात किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) उपासावरून तोच वाद सुरू होतो, आईला शुगर आहे, पप्पांची बायपास झालीये, डॉक्टर नको म्हणतायत आणि ही मंडळी हट्टाला पेटलेली, इतकी वर्षं केला, आता कशाला मोडू. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहितेय.

मूळ नियम साधा आहे. तोरातल्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातल्या, लेवीय १८:५ मध्ये म्हटलंय की हे नियम पाळून माणूस जगेल, आणि राब्बींनी (धर्मगुरूंनी) त्याचा अर्थ सरळ लावला, जगायचं, मरायचं नाही. म्हणून जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पण बाजूला ठेवायचा आणि किप्पूर पण, आणि जीव जाईलच अशी खात्री लागत नाही, नुसती शंका असली तरी पुरते. १८४८ ला विल्नामध्ये (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) कॉलरा आला तेव्हा राब्बी यिस्राएल सालांतर यांनी किप्पूरला खायची परवानगी जाहीर केली होती. तेव्हा आजारी माणसाने खाल्लं तर त्यात कमीपणा अजिबात नाही, डॉक्टर नको म्हणत असताना उपास करणं हेच चुकीचं आहे.

आता करायचं काय. निदान महिनाभर आधी डॉक्टरकडे जा, डॉक्टर ज्यू नसला तरी त्याचा शब्द चालतो. पण त्यांना नीट सांगा, की पाणीसुद्धा नाही आणि जवळजवळ २५ तास, कारण आपल्याकडे उपास म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते आणि तो "हो हो करा की" म्हणून मोकळा होतो. गोळ्यांच्या वेळा, इन्सुलिन, थोडं थोडं पाणी घेतलं तर भागेल का, हे सगळं विचारा आणि ते उत्तर घेऊन हझान (प्रार्थना चालवणारे) किंवा राब्बींशी बोला.

डॉक्टर म्हणाले नेहमीसारखंच खा-प्या, तर तसंच करायचं, विषय संपला. थोडं थोडं चालेल म्हणाले तर मग मापाची पद्धत आहे. खाणं एका वेळी ३० मिलीपेक्षा कमी, पाणी एका गालात मावतं त्यापेक्षा कमी, आणि दोन वेळांच्या मध्ये साधारण ९ मिनिटं. खाणं आणि पिणं वेगवेगळं मोजतात, त्यामुळे एक घास आणि लगेच एक घोट चालतो. गालाचं माप प्रत्येकाचं वेगळं, ते आदल्या दिवशीच काढा, औषधाच्या बाटलीवर जे छोटं प्लॅस्टिकचं झाकण येतं त्यावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे त्या दिवशी लिहायची-मोजायची भानगड नको.

अजून एक, सिनेगॉगला (प्रार्थनामंदिरात) गेल्यामुळे उपास मोडावा लागणार असेल तर घरी पडून राहून उपास करायचा, उपास आधी आणि सिनेगॉग नंतर. आणि आजारी माणूस स्वतः म्हणाला मला खायला पाहिजे, तर शंभर डॉक्टर नाही म्हणाले तरी द्यायचं, शुल्हान आरुख या आपल्या नियमांच्या ग्रंथात हे स्पष्ट आहे. तिथे सुनेने किंवा मुलाने "अजून दोनच तास राहिलेत, सहन करा" असं म्हणायचं नाही प्लीज. बाळंत होऊन तीन दिवस झाले नसतील तर त्या बाईला उपास नाहीच.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मिश्ना या राब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाच्या ज्या प्रकरणात (योमा नावाच्या भागातलं आठवं) आजाऱ्याला जेवू घाला लिहिलंय त्याच प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय की देव आणि माणूस यांच्यातलं पाप किप्पूरने धुतलं जातं, पण माणसामाणसातलं नाही, जोपर्यंत त्या माणसाची समजूत काढत नाही तोपर्यंत. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी उपासातून सोडवते, ह्यातून नाही, आणि २५ तास कडकडीत उपास करणारा पण सुटत नाही.

तर ते कसं करायचं. पैशाचं काही असेल तर आधी पैसे परत, मग माफी. भावाचा जागेतला हिस्सा अडकवलाय, घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार थकवलाय, तर ते आधी, आणि ताई आपल्या धर्माच्या नाहीत म्हणून काही कमी होत नाही, रोजंदारी त्याच दिवशी द्या असं तोरातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात परक्याचं नाव घेऊन सांगितलंय. मग त्या माणसाकडे जायचं, नाहीतर फोन करायचा आणि काय केलं ते बोलायचं, फक्त ते उगाळल्याने त्यालाच लाज वाटणार असेल तर मोघम बोललं तरी चालतं. "कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा" हा सगळ्यांना पाठवलेला फॉरवर्ड मी तरी माफी धरत नाही. ऐकलं नाही तर परत जायचं, एकूण तीनदा, दर वेळी तिघांना सोबत घेऊन. माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी जाऊन बोलायचं.

ज्याच्याकडे कोणी माफी मागायला येतं त्याने पण दगड होऊन बसायचं नाही. फक्त कोणी तुमची खोटी बदनामी केली असेल तर माफ करायची सक्ती नाहीये.

माफीचं हे सगळं रोश हशाना झाल्या झाल्या सुरू करा, मध्ये मोजून काही दिवस असतात, आणि किप्पूरच्या आदल्या दुपारी फोन लावलात तर तीनदा जायला वेळच उरत नाही.