घराच्या आवारातील बोल्टची लोखंडी शेड: वाऱ्याला धरून ठेवणारा पाया आणि पुढचे काम

घरामागच्या मोकळ्या जागेत सुतारकामासाठी, वेल्डिंगसाठी किंवा गाडीच्या दुरुस्तीसाठी हक्काचे वर्कशॉप हवे असेल, तर कारखान्यातून मापाप्रमाणे कापून, भोके पाडून आणि रंगवून आलेली बोल्टची शेड हा आज सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. तिचे लोखंड दोन-तीन दिवसांत उभे राहते. त्याआधीचा महिना मात्र जमिनीतल्या कामात जातो, आणि पुढे आयुष्यभर त्रास देणाऱ्या चुका त्याच महिन्यात होतात. म्हणून या लेखातही जमिनीतल्या कामावरच जास्त भर दिला आहे. उदाहरणासाठी ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब शेड घेतली आहे. तिला दर ४ मीटरवर एक अशा तीन फ्रेम (दोन खांब आणि त्यांना जोडणारे छपराचे लोखंड मिळून एक कमान) म्हणजे सहा खांब लागतात. हे माप निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याचा कर्ण बरोबर १० मीटर येतो, आणि त्यामुळे आखणी तपासणे फार सोपे जाते.

प्रथम वाऱ्याचा हिशेब समजून घ्यावा. घराच्या पायाला वरचे ओझे पेलायचे असते, पण या शेडचे सगळे लोखंड आणि पत्रे मिळून वजन जेमतेम दीड-दोन टन भरते. एवढे ओझे साधी जमीनही पेलते. शेडच्या पायाला खरे तर तिला खाली धरून ठेवायचे असते. आय.एस. ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात (२०१५) पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. मुंबई आणि नागपूरसाठी तो ४४ मीटर आहे. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. आपल्या शेडमधला मधला प्रत्येक खांब छपराचा १२ चौरस मीटर भाग धरतो. म्हणजे ढोबळ हिशेबाने तो खांब अकराशे किलोंच्या जोराने वर ओढला जाऊ शकतो. ७५ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे बाराशे किलोंचा भरतो. खड्ड्याचे हे माप अंदाजपंचे आलेले नाही, तर याच हिशेबातून आले आहे. ‘हलकीच तर शेड आहे’ असे म्हणत खड्डा दीड फुटावर थांबवणाऱ्याला हा हिशेब आवर्जून दाखवावा. कोकणपट्टीत तर अंतिम मापे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्यावीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा गावेच्या गावे पत्र्यांवाचून उघडी पडली होती.

खोदकामाआधी परवानगीचे पाहावे. बोल्टची शेड उद्या सोडवता येते, म्हणून तिला परवानगी लागत नाही, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. काँक्रीटच्या पायावर उभी राहणारी शेड हे बांधकामच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ त्यालाही लागू होतो. आपल्या हद्दीतल्या नियोजन प्राधिकरणाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नकाशा देऊन, कुंपणापासून किती अंतर सोडायचे ते लेखी घ्यावे. जमीन शेतीची असेल, तर बिगरशेतीचा प्रश्न आधी सोडवावा. सोसायटीच्या आवारात सोसायटीची लेखी संमतीही हवी.

काम दिवाळीनंतर काढावे, म्हणजे जमीन कोरडी असते आणि वळवाचे वारे सुरू होण्याआधी पत्रे चढतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठोकळा ठेवला तर खांब वर-खाली होतात आणि शटर अडकू लागते. म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणावे, मग तो चार फुटांवर लागो वा पाच. खड्ड्याच्या तळाशी काँक्रीटचा पातळ थर द्यावा, त्यावर सळ्यांची जाळी आणि उभा पिंजरा बसवावा, आणि फाउंडेशन बोल्टचा (खांब पायाला जखडणाऱ्या लांब बोल्टचा) वाकवलेला भाग त्या पिंजऱ्यात अडकेल असे पाहावे. काँक्रीट एम-२० प्रतीचे, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या एकास दीडास तीन प्रमाणाचे असावे, आणि पाणी बेताचे घालावे.

आता सर्वांत नाजूक भाग येतो. सहा खांबांना प्रत्येकी चार, असे एकूण चोवीस बोल्ट असतात, आणि ते सगळे ओल्या काँक्रीटमध्ये जागच्या जागी राहिले पाहिजेत. माझ्या पहिल्या शेडच्या वेळी गवंड्याने बोल्ट नजरेने रोवले आणि मीही समोर उभा राहून ते चालू दिले. आठ दिवसांनी फ्रेम आली तेव्हा एका खांबाची बैठकीची प्लेट बोल्टवर बसेचना. दोन बोल्ट बोटभर बाहेर गेले होते. भोके गॅसने वाढवून घ्या, असा सल्ला सर्वांनी दिला. पण मोठ्या भोकात बोल्ट सैल राहतो आणि वाऱ्याचा जोर आला की तिथेच हालचाल सुरू होते. शेवटी तो ठोकळा फोडून पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून मी कारखान्याकडून बैठकीच्या प्लेटचे नेमके माप आधी मागवतो, त्या मापाचे १२ मिलिमीटर जाड प्लायवूडचे सहा साचे करतो, आणि बोल्ट वर-खाली दोन्हीकडून नट लावून साच्यात आवळतो. साचा खड्ड्याच्या कडेला रोवलेल्या फळ्यांवर खिळ्यांनी पक्का केल्याशिवाय काँक्रीट ओतू देत नाही. आट्यांना ग्रीस लावून वर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे सिमेंट चिकटत नाही.

कर्ण तीन वेळा मोजावेत: दोरी आखल्यावर, साचे बसवल्यावर, आणि काँक्रीट ओतून ते ओले असतानाच. दोन्ही कर्ण १० मीटर आले की चौकट काटकोनात आहे. एक कर्ण १० मीटर ५ मिलिमीटर आणि दुसरा ९ मीटर ९९५ मिलिमीटर आला, तर साचा हलवून दुरुस्त करण्याची तीच शेवटची संधी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातून गेलेली असते. सहाही साच्यांची पातळी पाण्याच्या नळीने जुळवावी. नंतर ठोकळ्यांवर गोणपाट टाकून दिवसातून दोनदा पाणी मारावे. निदान सात दिवस खांब उभे करू नयेत. काँक्रीटची पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी येते.

माल येतो तेव्हा घाई करू नये. प्रत्येक भागावर मार्क नंबर असतो. तो यादीशी ताडून पाहावा आणि जो भाग आधी लागणार तो वर येईल असा ढीग लावावा. पत्र्यांची चळत लाकडी ठोकळ्यांवर थोडी उताराने ठेवावी आणि झाकावी. दोन पत्र्यांमध्ये दहिवराचे पाणी शिरून राहिले, तर वापरण्याआधीच त्यांच्यावर पांढरा गंज चढतो.

उभारणीसाठी चार अनुभवी माणसे, चेन पुली, हेल्मेट आणि कंबरपट्टे हवेत. वारा वाढल्यास त्या दिवशीचे काम थांबवावे. पहिली फ्रेम उचलून चारही बाजूंनी दोरखंडांनी ताणून ठेवावी. दुसरी फ्रेम उभी राहून दोघींमध्ये पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) आणि फुलीचे ताण (फुलीच्या आकारात बसवलेल्या तिरप्या सळ्या) बसेपर्यंत ते दोर सोडू नयेत, कारण एकटी फ्रेम फार सहज कलंडते. सगळे बोल्ट आधी हातानेच लावावेत. तिन्ही फ्रेम उभ्या राहिल्यावर प्रत्येक खांब दोन बाजूंनी ओळंब्यात घ्यावा, वरच्या टोकाकडचे कर्ण पुन्हा मोजावेत, आणि मगच पाना लावून आवळायला सुरुवात करावी. बैठकीच्या प्लेटखाली ठेवलेल्या नटांनी उंची जुळवून झाली की खालच्या सुमारे २५ मिलिमीटरच्या फटीत न आकसणारे ग्राउट (फट भरण्याचा सिमेंटचा मसाला) भरावे. खांबांवर वाहतुकीत रंग खरवडला असेल, तेथे झिंकयुक्त प्रायमर त्याच दिवशी लावावा.

छपराला रंगीत गॅल्व्हल्यूमचा (अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला) अर्धा मिलिमीटरचा पत्रा पुरतो. उतार पाच फुटांना एक फूट ठेवावा; भरपूर पावसाच्या भागात त्याहून जास्त. पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध मागवावा, म्हणजे मध्ये जोड राहत नाही. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेकडून लावत यावे; त्यामुळे एकावर एक येणाऱ्या कडा वाऱ्याकडे उघड्या राहत नाहीत. छपरावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खळग्यात नाही, कारण पाणी खळग्यातून वाहते. वळचण, आढे आणि दोन्ही टोकांच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, कारण वारा पत्रा कडेकडूनच उचलतो. मधल्या भागात एकाआड एक चालतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगलेला दिसला की थांबावे. तो कडेने बाहेर सांडला असेल, तर दोन उन्हाळ्यांत तडकून तिथून गळती सुरू होते.

रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नये, हे कामगारांना पहिल्या दिवशीच बजावावे. त्याच्या ठिणग्या रंग जाळतात आणि कापलेली कड उघडी पडते. पत्रा कापायची कात्री किंवा निब्लर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) वापरावा. ड्रिलचा बारीक किसही संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढावा. एकदा तो रात्रभर राहिला, तर सकाळच्या दवाने पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर तांबूस ठिपक्यांची रांगोळी उमटते आणि ती पुसली जात नाही.

भिंतींना खाली तीन फूट वीटकाम करून वर पत्रा लावावा. पागोळ्यांचे उडणारे पाणी आणि घुशी यांपासून तेवढे संरक्षण पुरते. शटर शक्यतो पूर्वेला ठेवावे. जोराच्या वाऱ्यात पश्चिमेचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि वरून तोच वारा त्याला ओढतो. पायाचा वरचा हिशेब त्या वेळी तोकडा पडू शकतो. कोबा खांब उभे राहिल्यावर, सोलिंग (दगडांचा दाबलेला थर) आणि प्लास्टिकच्या कागदावर १०० ते १२५ मिलिमीटर जाड घालावा. लेथसारखे जड यंत्र असेल, तर त्याचा चौथरा कोब्यापासून वेगळा ठेवावा.

मे महिन्यात नुसत्या पत्र्याखाली दुपारी उभे राहवत नाही, आणि हिवाळ्याच्या पहाटे त्याच पत्र्याला खालून घाम फुटून थेंब रंध्यावर आणि पटाशीवर पडतात. पत्रा चढवण्याआधी पर्लिनवर फॉइलचे इन्सुलेशन अंथरल्याने दोन्ही त्रास कमी होतात. ते नंतर खालून लावणे महाग आणि ओबडधोबड होते. वरच्या पत्र्याचा रंग पांढरा किंवा फिका घ्यावा आणि आढ्याजवळ निदान एक टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारा पंखा) बसवावा.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरातून वेगळी लाइन, ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवेच. लोखंडाचा सांगाडाही जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीने अर्थिंगला जोडावा, कारण एखादी वायर खरचटली तर सगळी शेडच विजेच्या प्रवाहाखाली येऊ शकते.

शेवटची तपासणी मे अखेरीस, भर दुपारी करावी. शटर आणि खिडक्या लावून, दिवे बंद करून आत पाच मिनिटे उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की छपरात कुठेकुठे टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागतात. तिथे एखादा स्क्रू पर्लिन चुकवून गेलेला असतो किंवा वॉशर तिरका बसलेला असतो. काठीला खडू बांधून प्रत्येक ठिपक्याभोवती आतून गोल करावा आणि जवळच्या पर्लिनपासून त्याचे अंतर लिहून घ्यावे. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पर्लिनच्या रेषेवरच पाय ठेवत वर जाऊन, मृग लागण्यापूर्वी त्या जागा बंद कराव्यात.