ईईजीवर स्मृतीचा अभ्यास: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एमए झालंय, ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेचे बदल टिपणं) म्हणजे काय ते माहीत आहे आणि आता स्मृतीवर काम करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. गंगापूर रोडवरच्या खोलीत बसून पेपर वाचताना सगळं समजतं. पहिला कच्चा डेटा उघडला की घाम फुटतो. मला अजूनही फुटतो.

मूळ प्रयोग तुम्हाला ठाऊकच आहे: शब्द दाखवायचे, नंतर त्यांत नवे मिसळून विचारायचं, "हा आधी पाहिला होता का?" बरोबर ओळखलेल्या जुन्या शब्दांना, शब्द दिसल्यापासून साधारण 500 ते 800 मिलिसेकंदांत, डोक्याच्या डाव्या मागच्या बाजूला नव्या शब्दांपेक्षा जास्त धन व्होल्टेज मिळतं.

आता नीट ऐका, कारण मी इथेच अडकले होते. "हो" किती वेळा बरोबर आलं, एवढ्यावर स्मृती मोजू नका. समजा 100 जुने आणि 100 नवे शब्द आहेत. एक जण 80 जुन्यांना "हो" म्हणतो, पण 60 नव्यांनाही म्हणतो. दुसरी 70 जुन्यांना म्हणते आणि नव्यांपैकी फक्त 10 ना. स्मृती दुसरीची चांगली. डी-प्राइम (जुने-नवे शब्द वेगळे ओळखण्याची क्षमता सांगणारा आकडा) काढलात तर पहिल्याचा 0.59 येतो, तिचा 1.81. आपल्याकडे समोरच्या ताईला बरं वाटावं म्हणून "हो, पाहिला होता" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बरोबर उत्तरांत अंदाजपंचे दिलेली भरपूर असतात. ती सरासरीत गेली की जुन्या-नव्या शब्दांच्या व्होल्टेजमधला फरक पुसट होतो आणि तुम्ही बिचाऱ्या मशीनला दोष देत बसता. म्हणून चुकीचे "हो" मोजाच. शिवाय प्रत्येक उत्तराला "खरंच आठवतंय, की नुसतं ओळखीचं वाटतंय?" हे विचारा. मानसशास्त्रज्ञ टुल्विंगने 1985 मध्ये मांडलेला हा भेद आजही कामाला येतो.

दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. कच्चा डेटा तुमच्या शेजारी बसून न बघणाऱ्या मार्गदर्शकाकडे जाऊ नका, नाव कितीही मोठं असो.

जवळपास लॅब नाही म्हणून खचूही नका. ईईजी डेटा तपासायचं सॉफ्टवेअर, एमएनई-पायथन, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. ओपनन्यूरो या वेबसाइटवर खरा ईईजी डेटा मोकळा पडलाय. तो हाताळता आला की आयआयटी गांधीनगर किंवा अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्ससाठी अर्ज करताना दाखवायला काहीतरी असतं.

आणि माणसं बोलावाल तेव्हा आदल्या दिवशीच सांगा: केस धुवून या, खोबरेल लावू नका. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही आणि घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरते. तरी कोणी तेल लावून आलंच, तर परत पाठवू नका. इलेक्ट्रोडच्या जागा स्पिरिटने पुसून घ्या, मग जेल भरा.