जुन्या पिकअपच्या हौद्याचा लाकडी तळ बदलताना

1950-60च्या दशकांतल्या शेवरोले स्टेपसाइड किंवा फोर्ड फ्लेअरसाइड पिकअपच्या हौद्याला लाकडी तळ असतो. लांब फळ्या, प्रत्येक दोन फळ्यांच्या सांध्यावर एक लोखंडी पट्टी, आणि खाली चासीवर टेकलेल्या आडव्या तुळया. बहुतेक मॉडेलांत फळ्या थेट आवळलेल्या नसतात. बोल्ट पट्टीतून आत शिरतो, दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली जातो आणि तुळईत बसतो. पट्टीच्या कडा फळीला फक्त वरून दाबून धरतात. म्हणजे लाकडाला फुगायला जागा ठेवलेली असते. हे ध्यानात न घेता फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, की पहिल्याच पावसाळी आठवड्यात तळ उचलतो.

उघडायच्या आधी खालून-वरून भरपूर फोटो काढा आणि हौद्याचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. जुने नट आदल्या दिवशी गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. तरी अर्धेअधिक सुटणार नाहीत. कॅरेज बोल्टची चौकोनी मान पट्टीच्या भोकात अडकते म्हणून तो फिरत नाही. ते भोक गंजून गोल झालं असेल तर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरतो. अशा वेळी झटापट न करता खालून नट कापा. पट्टी जुनीच वापरायची असेल तर बोल्टच्या डोक्यावर ग्राइंडर चालवू नका, पट्टीला हमखास खाच पडते. आणि ग्राइंडरच्या आधी बॅटरी काढा: या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागेच असते. चासीलगत ब्रेकचे पाइप आणि टेललॅम्पच्या वायरीही जातात.

तुळया आणि चासी यांच्यामध्ये लाकडाचे किंवा रबराचे ठोकळे सापडतील. त्यांची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही, म्हणून प्रत्येकावर जागा लिहा. एक जरी अदलाबदल झाला तरी हौदा केबिनच्या रेषेत बसत नाही. तुळया खरवडून प्रायमर आणि रंग आत्ताच द्या. फळ्या बसल्यावर त्यांच्या वरच्या बाजूला हात पोचत नाही.

लाकूड कोणतं? मूळ गाड्यांत पाइन बरंच असे. आता लोक ओक पसंत करतात. त्यात तांबडा ओक स्वस्त आणि देखणा, पण त्याच्या नळ्या उघड्या असतात, टोकाकडून पाणी आत ओढतो. पांढऱ्या ओकच्या नळ्या बंद असतात. गाडी पावसात उभी राहणार असेल तर पांढराच घ्या. फळ्या आणल्या की दोन आठवडे कामाच्या जागी, मध्ये काड्या घालून रचून ठेवा. चपट्या चिरणीची (ओंडका सरळ समांतर चिरून काढलेली) 7 इंच रुंद ओकची फळी लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला की साधारण अडीच मिलीमीटर फुगते. पट्टीचे बोल्ट बहुधा 5/16 इंचाचे, म्हणजे 8 मिमी जाड, तेव्हा फट त्याहून नक्कीच मोठी हवी.

जाडी बहुधा पाऊण इंचाच्या आसपास असते. फळीच्या कडेला पट्टी बसण्यासाठी खाच असेल तर तिची खोली जुन्या झिजलेल्या फळीवरून घेऊ नका, पट्टीच्या कडेवरून घ्या. कडेच्या दोन फळ्या सर्वांत शेवटी कापा. जुने हौदे गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, क्वचितच असतात आणि ती चूक तिथेच लपवता येते.

मग पॉलिश न लावता सगळा तळ एकदा कोरडाच मांडून पाहा, सर्व बोल्ट हाताने लावून. चासीचे बोल्ट (हौदा चासीला आवळणारे) जिथे फळीतून जातात ती भोकं याच वेळी पाडा. ती एखादा मिलीमीटर सैल ठेवा. हे टाळून रंगवलेल्या फळीला नंतर भोक पाडलं, तर उघड्या कडेतून पाणी शिरतं आणि वर्षभरात तिथून काळं पडायला लागतं.

पॉलिश सहाही बाजूंना लागलं पाहिजे. फक्त वरून चकचकीत आणि खालून कोरी फळी हमखास वाकते. 120 आणि मग 180 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. पहिला हात पातळ करून द्या म्हणजे मुरतो, पुढचे तीन नेहमीचे. टोकं आणि भोकं यांना एकेक हात जास्त. ओकवर स्टील वूल चुकूनही घासू नका. त्याचे कण रंध्रांत अडकतात आणि ओल लागली की ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळे ठिपके उमटतात. स्टेनलेसचे बोल्ट वापरण्याचं कारणही हेच.

प्रदर्शनाच्या गाडीला उन्हाला टिकणारं वॉर्निश शोभतं. सामान वाहणाऱ्या गाडीला आम्ही तेलच सुचवू: ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो, वॉर्निशचं मात्र सोलून सगळं काढावं लागतं. अळशीच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा.

जोडणी मधल्या फळीपासून बाहेरच्या दिशेने. सगळे नट आधी हातानेच लावा, कर्ण मोजा, फरक 3 मिमीच्या आत आणा, फाळका (हौद्याचं मागचं झडप) लावून बंद होतो का पाहा, आणि मगच पाना घ्या. स्टेनलेसच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा. कोरडा नट इम्पॅक्ट मशीनने पिळला तर अर्ध्यावर चिकटतो आणि तो कापूनच काढावा लागतो. पट्टी फळीवर टेकली की थांबा. आणखी पिळलं तर बोल्टभोवती पट्टीला खळगा पडतो आणि पाणी तिथेच साचतं. चासीचे बोल्ट शेवटी. महिन्याभराने खाली शिरून सगळे नट एकदा तपासा, लाकूड स्थिरावलं की थोडे सैल होतात.