मोटर, सेन्सर आणि एमक्यूटीटी: जोडणी करताना या चुका टाळा

ठिबकचे व्हॉल्व्ह एका कंपनीचे, ओलाव्याचे सेन्सर दुसरीचे, मोटरवरचा रिले बोर्ड गावातल्याच कुणीतरी बनवलेला, आणि सगळं एकाच मोबाइलवर दिसायला हवं. द्राक्षपट्ट्यात आता बहुतेक कामं अशीच येतात. खुली स्टँडर्ड्स आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकत्र वापरल्याशिवाय असं काम टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे. स्टँडर्ड खुलं असेल तर उपकरण बदलता येतं. सोर्स उघडा असेल तर आत काय चाललंय ते बघता येतं. बंद ॲपवर बाग सोपवली आणि उद्या त्या कंपनीने सर्व्हर बंद केला, तर हातात काहीच उरत नाही. पण मॉस्किटो (उपकरणांचे निरोप वाटणारा सर्व्हर, म्हणजे ब्रोकर) आणि होम असिस्टंट (सगळी उपकरणं एका पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर) टाकले की उपकरणं आपोआप एकमेकांना समजून घेतील, ही समजूत मला दर हंगामात भेटते. तिच्यामुळे झालेलं नुकसान पाहवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आज्ञेला रिटेन लावू नका

एमक्यूटीटी हे उपकरणांनी एकमेकांना निरोप पाठवण्याचं खुलं स्टँडर्ड अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, सॅटेलाइटच्या महागड्या जोडणीवर चालेल असं बनवलं. त्यात ‘रिटेन’ नावाची एक सोय आहे. प्रत्येक निरोप एका टॉपिकवर, म्हणजे ठरलेल्या नावाखाली, जातो. टॉपिकवरचा शेवटचा निरोप ब्रोकर जपून ठेवतो आणि नवीन कोणी जोडलं की लगेच त्याच्या हाती देतो. टाकीची पातळी कळवायला ही सोय फार चांगली. मोटरला हुकूम द्यायला घातक.

निफाडकडच्या एका बागायतदारांचा फोन आला तेव्हा मण्यात पाणी उतरलं होतं, पाणी अगदी मोजून द्यायचे दिवस. “भाऊ, रात्री लाइट आली की मोटर आपोआप चालू होतीय. स्टार्टर बदलला, वायरमनला दोनदा आणलं, तरी तेच.” मी गेलो तेव्हा बागेत पाय रुतत होता आणि खालच्या ओळींत मणी तडकायला लागले होते. सगळ्यांचा संशय ऑटो स्टार्टरवर, नाहीतर लाइटच्या दाबावर.

मी लॅपटॉप ब्रोकरला जोडला आणि सगळे टॉपिक ऐकायला लावले. कुणी बटणाला हातही लावलेला नसताना पहिल्याच क्षणी मोटरच्या टॉपिकवर ‘ऑन’ आला, रिटेनच्या खुणेसकट. जोडणी करून देणाऱ्या मुलाने ॲपमधल्या ‘चालू’ बटणाला रिटेन लावलं होतं, ‘बंद’ला नव्हतं. त्यामुळे मोटर बंद केली तरी ब्रोकरकडे ‘ऑन’ तसाच पडून राही. ब्रोकर घरात इन्व्हर्टरवर. लाइट गेली की विहिरीवरचा बोर्ड बंद, लाइट आली की बोर्ड पुन्हा जोडला जाई, आणि ब्रोकर त्याला तो जुना हुकूम इमानदारीने देई.

रिटेन का लावलं, हे विचारल्यावर खरं दुखणं कळलं. विहिरीवर वायफायची रेंज कमी, बोर्ड मधेच सुटायचा आणि ‘ऑन’ वाया जायचा. रिटेन लावल्यावर हुकूम दर वेळी लागू पडायला लागला, म्हणून काम झालं असं समजून तो निघून गेला. हे शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत. रेंज कमी असेल तर अँटेना वर न्या, मधे रिपीटर टाका. पहिल्या दिवशी चालून दाखवणं सोपं असतं. रात्री दोनला लाइट आल्यावर काय होईल, हा विचार जोडणाऱ्यानेच करायला हवा.

माझी पद्धत सांगतो. स्थितीच्या टॉपिकला रिटेन, आज्ञेच्या टॉपिकला कधीच नाही. आधीच साचलेला निरोप काढायला त्याच टॉपिकवर रिकामा निरोप रिटेन लावून पाठवायचा. क्यूओएस १ (निरोप निदान एकदा पोचवायची हमी) आणि जपून ठेवलेलं सेशन (बोर्ड सुटला तरी ब्रोकर न विसरणारी जोडणी) एकत्र आलं तरी हाच धोका असतो, कारण बोर्ड सुटलेला असताना दिलेले हुकूम ब्रोकर रांगेत ठेवतो आणि परत जोडल्यावर सगळे देतो. एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत घालता येते, मोटरच्या आज्ञेला मी १० सेकंद घालतो. बोर्ड सुरू होताना रिले बंद, आणि जास्तीत जास्त किती वेळ चालायचं तो टायमर बोर्डातच, सर्व्हरवर नाही. काम ताब्यात देण्याआधी मी मेन स्विच पाडून पुन्हा वर करतो: मोटर चालू असताना, बंद असताना, आणि ब्रोकर बंद असतानासुद्धा.

स्टँडर्ड निरोप पोचवतं, त्याचा अर्थ तुम्ही ठरवायचा

एमक्यूटीटी पोस्टमन आहे. पाकिटात काय लिहिलंय ते तो बघत नाही. टास्मोटा (रिले बोर्डात भरायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) ‘ऑन’ असा साधा शब्द पाठवतं, झिगबी२एमक्यूटीटी (झिगबीची बिनतारी उपकरणं एमक्यूटीटीला जोडणारं) तेच जेसॉनमध्ये, म्हणजे नाव-मूल्याच्या जोडीत, घालून पाठवतं, आणि घरी बनवलेला बोर्ड नुसता १ पाठवतो. तिन्ही स्टँडर्डला धरूनच आहेत, तरी एकमेकांना कळत नाहीत.

ओलाव्याच्या सेन्सरवर हे सगळ्यात जास्त नडतं. स्वस्तातले कपॅसिटिव्ह सेन्सर माती कोरडी असताना मोठा आकडा देतात, ओली असताना छोटा. बोर्डातली ईएसपी८२६६ चिप हा आकडा ० ते १०२३ मध्ये वाचते, ईएसपी३२ मात्र ० ते ४०९५ मध्ये. आता जळालेल्या ईएसपी८२६६च्या जागी कुणी ईएसपी३२ बसवला आणि टॉपिक तोच ठेवला, तर एका रात्रीत बाग कागदावर वाळवंट होते आणि व्हॉल्व्ह उघडेच राहतात. म्हणून कच्चा आकडा बोर्डाबाहेर जाऊच द्यायचा नाही. त्या मातीत कोरडं आणि ओलं असं दोन्ही टोकांना मोजून बोर्डातच टक्केवारी करायची, आणि निरोपात सेन्सरचं नाव, एकक, मूल्य, वेळ चारही घालायचं. त्यासाठी सेनएमएल नावाचं खुलं स्टँडर्ड २०१८ पासून आहे (आरएफसी ८४२८). ते असताना दर कामाला नवा फॉरमॅट शोधण्याची हौस मला समजत नाही.

टॉपिकची नावं, एककं आणि प्रत्येक बोर्डाचा क्लायंट आयडी (ब्रोकरकडची त्याची ओळख) मी आधी कागदावर लिहितो आणि तो कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. कोड त्यानंतर.

बाकीच्या, थोडक्यात

एकच कोड चार बोर्डांत भरताना क्लायंट आयडी बदला. एकाच आयडीचा दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला काढून टाकतो, पहिला परत येऊन दुसऱ्याला काढतो, आणि लोक राउटर बदलत बसतात.

मॉस्किटो २.० पासून मूळ सेटिंगवर पासवर्डशिवाय बाहेरून जोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘अनामिक चालेल’ ही ओळ कुठूनतरी उचलून टाकू नका. एमक्यूटीटीचा १८८३ पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडणं तर मुळीच नको, बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा.

लोरावानचं (थोडी माहिती लांबवर पाठवणाऱ्या रेडिओचं) साहित्य मागवताना आयएन८६५, म्हणजे भारतासाठीचा ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा, बघून घ्या. ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्त मिळाले तरी आपल्याकडे ते बिनपरवाना वापरता येत नाहीत.

मॉडबस (तारेवरून आकडे वाचायची पद्धत) मीटरच्या माहितीपत्रकात रजिस्टर, म्हणजे आकड्याचा कप्पा, ४०००१ लिहिलेलं असेल तर तारेवर तो पत्ता ० असतो. व्होल्टेजच्या जागी भलताच आकडा आला तर आधी एक पत्ता मागेपुढे करून बघा, मग दोन शब्दांचा (आकड्याच्या १६ बिटच्या दोन तुकड्यांचा) क्रम उलटा करून बघा. मीटर परत पाठवायची घाई नको. ए आणि बी तारांची नावं सगळे उत्पादक सारखी देत नाहीत, त्यामुळे उत्तरच येत नसेल तर त्या अदलाबदल करून बघा.

टास्मोटा जीपीएल ३ या ओपन सोर्स परवान्याखाली आहे. त्यात बदल करून बोर्ड विकत असाल तर बदललेला सोर्स गिऱ्हाइकाला देणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

आणि ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर काहीही अपडेट करू नका. चालू असलेल्या आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा, सर्व्हरच्या एसडी कार्डाची एक प्रत काढून घरी ठेवा, आणि अपडेटला पावसाळ्यात हात घाला, जेव्हा मोटर दोन दिवस बंद राहिली तरी चालतं.